नासरे मॅडमची सही

नागपूरच्या जिल्हा कचेरीच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत, गेली सव्वीस वर्षे माझे अर्ज लिहिण्याचे मेज आहे. या मेजावरून भावाने भावाविरुद्ध, सुनेने सासऱ्याविरुद्ध आणि भाडेकरूने मालकाविरुद्ध केलेले अर्ज गेले. शाळा मी नववीत सोडली. तथापि पदवी घेतलेले कारकूनही मसुदा अडला की माझ्याकडे येतात, ही वस्तुस्थिती आहे. एवढ्या प्रदीर्घ सेवेत स्वतःविरुद्ध अर्ज लिहून घ्यायला आलेली व्यक्ती मी एकच पाहिली. त्या विमल नासरे, ज्यांना हिंगणा रस्त्यावरचे सारे कारखानदार नासरे मॅडम म्हणत.

मॅडमच्या कामाचे स्वरूप प्रथम सांगणे आवश्यक आहे, कारण ते मलाही समजायला वेळ लागला. एक माणूस यंत्र बनवतो. ते यंत्र दुसरा विकत घेतो. आणि त्यावर हात चालवतो तो तिसराच. त्या तिसऱ्याचा हात शाबूत राहावा म्हणून पहिल्याने काय करावे, याचे नियम असतात. कुठे जाळी हवी, कुठे झाकण, लाल बटण किती अंतरावर असावे, सूचना कोणत्या भाषेत असाव्या. आजकाल मोठे खरेदीदार या सगळ्याची फाईल मागतात आणि लहान कारखानदारांची तारांबळ उडते. मॅडम पूर्वी आयटीआयमध्ये यंत्रांची रेखाटने शिकवीत. ती नोकरी सोडून त्यांनी हे काम धरले. यंत्र तपासायचे, दोष काढायचे, ते दुरुस्त करून घ्यायचे आणि शेवटी फाईलवर सही करायची. त्यांची सही असली की खरेदीदार पुढची पाने उलटत नसे, इतका तिचा लौकिक होता.

अंगाने त्या किरकोळ, वय पन्नाशीचे. साडी चापूनचोपून नेसलेली, पदर दोन पिनांनी खांद्याला घट्ट, हातात बांगडी नाही. पर्समध्ये सेफ्टी पिनांचे पाकीट असे. कारखान्यात कोणाही बाईचा पदर किंवा ओढणी सुटी दिसली की बोलण्याआधी पिन लावून मोकळ्या होत. मग म्हणत, "हं, आता सांग वं, नाव काय तुझं?"

त्यांच्या पिशवीत कायम शेवग्याची एक शेंग असे. शासकीय मापाचे नकली बोटही त्यांच्याजवळ होते, डबीत घालून ठेवलेले. पण ते त्या फाईलसाठी वापरीत आणि शेंग मालकासाठी. यंत्राची जाळी पाहायची, तिच्यातली फट शोधायची, यंत्र चालू करायला सांगायचे आणि त्या फटीतून शेंग आत सरकवायची. आत पोचली तर कडाड असा आवाज होई आणि अर्धी शेंग बाहेर येई. ती मालकाच्या हातात देऊन मॅडम म्हणत, "धरा. ही करंगळी होती."

त्यांची दुसरी रीत याहून कठीण होती. सही करण्यापूर्वी मालकाने स्वतः आपल्या यंत्रावर सलग एक तास काम केलेच पाहिजे, अशी त्यांची अट होती. पत्रा कापण्याचे प्रेस बनवणाऱ्या एका मालकाकडे मी कागद घेऊन गेलो होतो, तेव्हा हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. मालक हसून म्हणाला, "मॅडम, आपला ऑपरेटर एकदम होशियार आहे. वीस सालचा अनुभव."

"मग तुम्ही त त्याच्यापेक्षा होशियार असाल. मालक आहा. बसा."

मालक बसला. पहिली दहा मिनिटे तो डोळ्यांत तेल घालून काम करीत होता. पुढची दहा मिनिटे कामगारांशी थट्टा चालली. नंतर थट्टाही संपली. पाऊण तासाच्या सुमारास पत्र्याचा एक तुकडा साच्यात अडकला, आणि मालकाने, समोर न पाहता, जाळीच्या बाजूच्या फटीतून हात घालून तो अलगद उचलला. दोन कामगारांनी एकदम श्वास ओढला. त्या आवाजाने मालकाने खाली पाहिले. आपलाच हात कोठे आहे हे त्याला दिसले आणि तो बाहेर काढायचेही त्याला सुचेना. मॅडमनी प्रेस बंद केला.

"माझं लक्ष नव्हतं मॅडम," तो पुटपुटला. कपाळावरून घाम निथळत होता.

"मले तेच पाहाचं होतं," मॅडम म्हणाल्या आणि पेनला टोपण लावले. "बाजूची जाळी चार बोटं वाढवा. मंगळवारी येते."

माणसाला दोष देणे त्यांना आवडत नसे. "माणूस चुकनारच," त्या म्हणत. "चुकलेला माणूस संध्याकाळी दोन्ही हातांनी जेवाले बसला पाहिजे, एवढंच आपलं काम."

माझा त्यांचा संबंध सूचनापत्रकांमुळे आला. यंत्रासोबत मराठी सूचना देणे आवश्यक झाले, आणि कोणीतरी त्यांना माझे नाव सुचवले. मी लिहिले : 'सदर यंत्र कार्यरत असताना त्याच्या अंतर्भागी हस्तप्रवेश करणे सर्वथा वर्ज्य समजावे.' वाक्य निर्दोष होते, आजही आहे. मॅडमनी ते वाचले आणि आवार झाडणाऱ्या सखूबाईला हाक मारली. सखूबाई चौथी शिकलेली. तिने अक्षर अक्षर लावून वाचले.

"काय करशील हे वाचून?"

"सायबाले विचारीन," सखूबाई म्हणाली, "का बाप्पा, हे काय होय म्हणून."

मॅडमनी खाली स्वतःच्या हाताने लिहिले : 'झाकण उघडले की मशीन बंद झाली पाहिजे. झाली नाही तर हात लावू नका.' सखूबाईने ते एका दमात वाचले. मी आठ दिवस मॅडमशी कामापुरतेच बोललो. त्यानंतर मात्र मी पत्रके त्यांच्या पद्धतीने लिहू लागलो, आणि आता सांगण्यास हरकत नाही की, सखूबाईला विचारल्याशिवाय एकही पत्रक पुढे पाठवले नाही.

आता मनोहर लांजेवार. हा पापड लाटण्याची यंत्रे बनवी. दोन रूळ एकमेकांना लागून फिरतात, मधून पिठाचा गोळा जातो आणि खाली पातळ पोळी उतरते. गोळा अडला की बाई तो बोटाने ढकलते, आणि रूळ पीठ कोणते व बोट कोणते हे ओळखत नाहीत. म्हणून वर झाकण, आणि झाकणाला असा स्विच की ते उघडताक्षणी मोटार थांबावी. महिलांच्या गटांना यंत्रे पुरवणाऱ्या एका संस्थेने मनोहरला मोठे काम दिले होते. पहिली अकरा यंत्रे ठरलेल्या तारखेला पोचायची होती.

मॅडमनी सुचवलेला स्विच जिभेचा होता. झाकणाला लोखंडी जीभ बसवायची. ती स्विचच्या खाचेत बरोबर शिरली तरच यंत्र चालणार. ते स्विच पुण्याहून यायचे होते, आले नाहीत. हाताशी होता तो साधा, दाबाचा. झाकण मिटले की त्याची खुंटी दाबली जाते आणि यंत्र चालते. मनोहर हात जोडून उभा राहिला. "मॅडम, तारीख गेली त काम गेलं. एवढा पहिला लॉट जाऊ द्या. बाकीच्याले जिभेचेच लावतो, आईची शपथ." मॅडमनी खुंटी बोटाने दाबून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि सही केली.

अकरा यंत्रे अकरा ठिकाणी गेली. पुढे खंडेनवमी आली.

मनोहरच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची झाकणे उघडी ठेवून पूजा होते. देवापुढे तोंड झाकून उभे राहू नये, ही त्याच्या वडिलांपासूनची समजूत. रूळ धुवायचे, हळदकुंकू लावायचे आणि यंत्राच्या ज्या ज्या भागाला हालचाल आहे, त्याला लाल-पिवळा नाडा गुंडाळायचा. मॅडम होत्याच, पत्रकांचा लेखक या नात्याने मलाही सन्मानाने बोलावले होते. पुढच्या लॉटचे पहिले यंत्र झेंडूच्या माळांनी सजले होते. त्यालाही तूर्त दाबाचाच स्विच होता. मनोहरची बायको सुनीता वाकून माळ सारखी करीत होती. पूजा झाल्यावर शकुनाचे म्हणून हिरवे बटण दाबतात. झाकण उघडे आहे, यंत्र सुरू होणारच नाही, या भरवशावर मनोहरने ते दाबले.

रूळ फिरले.

माळ आत ओढली गेली. सुनीताचे मनगट माळेत होते. ती ओरडलीही नाही. नुसते "अहो" म्हणाली. तिच्या बांगड्या रुळाच्या कडेवर फुटल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्याच क्षणी मॅडमचा तळवा लाल बटणावर आदळला. रूळ थांबले. बोटांत आणि रुळांत झेंडूचे एक फूल तेवढे राहिले होते, चेंदलेले.

मग सगळे एकदम बोलू लागले. कोणी देवीचा जयजयकार केला, कोणी मनोहरला शिव्या दिल्या, सुनीता रडता रडता हसत होती. मॅडम मात्र गुडघ्यांवर बसून स्विच पाहत होत्या. हलणारा भाग म्हणून कोणी भक्तीने खुंटीलाही नाडा गुंडाळला होता, घट्ट. खुंटी दाबली गेली होती. यंत्राच्या हिशेबी झाकण बंदच होते.

मॅडमनी नाडा सोडला. नखाने खुंटी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "अकरा ठिकाणी हेच आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझी सही."

दसऱ्याची सुटी संपताच, कचेरी उघडायच्या आधी त्या माझ्या मेजासमोर होत्या. संस्थेला अर्ज लिहायचा होता : अकरा यंत्रांवरची माझी सही मी मागे घेत आहे, यंत्रे ताबडतोब बंद ठेवावीत, स्विच बदलून दिले जातील. मी मसुदा केला. तो उत्तम होता. त्यात 'अनवधानाने राहून गेलेल्या त्रुटीमुळे' असे मी योजले होते.

"हे खोडा, गुलाबरावजी."

"मॅडम, या शब्दाने आपला बचाव होतो. उद्या कोणी कोर्टात गेले तर..."

"मले माहीत होतं. खुंटी दाबून ठेवता येते, हे मी बोट लावून पाहिलं होतं. घाई होती म्हणून सही केली. तसंच लिहा."

अशा मजकुराचा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. मी लिहीत असतानाच मनोहर स्कूटर आडवी टाकून धावत आला.

"मॅडम, मले बुडवता काय? काहून करून राहिले असं? कोणाले काही झालं का अजून?"

"झालं नाही म्हणून आज लिहून राहिली. झाल्यावर दुसरेच लोक लिहितील."

"मी गुपचूप बदलून देतो ना सगळे! एकेकाकडे जातो. संस्थेले काहून सांगता?"

"तू जाईपर्यंत तिकडे बाया दिवाळीचे पापड लाटून राहिल्या मनोहर. आज फोन गेला त आज बंद होतील."

"तुमचंही काम जाईल. कोण देईल मग तुमाले फाईल?"

मॅडमनी हात पुढे केला. पेन मागितले. मनोहर माझ्याकडे वळला, "तुम्ही तरी सांगा गा गुलाबराव!" मला सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण मी अर्ज मॅडमपुढे सरकवला. मॅडमनी सही केली. मनोहर स्कूटर उचलून निघून गेला.

संस्थेने मनोहरचे पुढचे काम थांबवले. मॅडमचा फोन वाजायचा हळूहळू थांबला. सही मागे घेणाऱ्या बाईची सही कोणाला हवी? चौथ्या दिवशी मात्र मनोहरचा फिटर माझ्या मेजावर एक खोके ठेवून गेला. त्यात पुण्याहून आलेले जिभेचे स्विच होते आणि मनोहरच्या अक्षरात अकरा पत्ते. चिठ्ठी नव्हती.

मॅडम आणि फिटर मिळेल त्या बसने फिरले. पोच घेण्याचे कागद माझे. बंद करायचा निरोप सगळ्यांना गेला होता, पण तीन ठिकाणी यंत्र चालूच सापडले, आणि एके ठिकाणी तर खुंटीला रबर लावलेले. "झाकण उघडं असलं की काम लवकर होते ना मॅडम," असे त्या बायांनी कौतुकाने सांगितले. दहा स्विच बदलून झाले. अकराव्या यंत्राचा पत्ता काटोलकडच्या एका गावातला होता. तिथून परतून मॅडम माझ्यापुढे येऊन बसल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. गट मोडला होता. यंत्र नागपुरात कोणाला तरी विकले, एवढेच कळत होते. विकत घेणाऱ्याला यंत्र बंद ठेवण्याचा निरोप गेलाच नव्हता.

येथे माझा उपयोग झाला. विक्री झाली म्हणजे लिखत, विक्रीचा कागद, झाले असणार, आणि काटोलचे लोक लिखत करायला माझ्या शेजारच्या मेजावर बसतात. शेजाऱ्याचे रजिस्टर मी अर्ध्या तासात पालथे घातले. पत्ता जरीपटका वस्तीतला निघाला. फिटर त्या दिवशी नव्हता. मॅडमना एकटे पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही. आम्ही रिक्षा केली.

गल्लीच्या टोकाला, पायऱ्या उतरून जायची एक खोली होती. मोटारीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. दारात मी पुढे होतो. मॅडमनी मागून माझा दंड धरला आणि बोटे रुतवली. आत यंत्राचे झाकण काढून भिंतीला टेकवलेले होते. स्विचच्या खुंटीला वेणीची रिबीन बांधली होती. एक बाई, चाळिशीची, आमच्याकडे पाठ करून, उडदाचा गोळा रुळांत ढकलत होती. बोट आणि रूळ यांत एक मिऱ्याचा दाणा राहील इतके अंतर होते. दर गोळ्याला तेच. यंत्राच्या वायरची पिन लावलेली होती ती बाईच्या पलीकडच्या भिंतीवर. लाल बटण बाईच्या पोटाशी झाकलेले.

मी ओरडणार होतो. मॅडमनी मान हलवली. बाई दचकली असती तर बोट कोणत्या बाजूला गेले असते? मॅडम हळूच पायऱ्या उतरल्या, बाईच्या डोळ्यांना दिसतील अशा बाजूने फिरून समोर गेल्या आणि हसून म्हणाल्या, "भाभी, थोड़ा पानी मिलेगा क्या?"

बाईने मान वर केली. हात थांबला नाही. "मटका उधर है दीदी, ले लो ना. मेरे हाथ आटे में हैं."

आणखी एक गोळा गेला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

"पापड़ लेना था," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सावकाश होता. "पाँच किलो. पहले माल दिखाओ ना, सूखा हुआ."

"पाँच किलो?" बाईने हात बाहेर काढले. दोन्ही. पदराला पुसले. "बैठो दीदी, अभी लाती हूँ," म्हणत ती आतल्या खोलीत गेली. मॅडमनी दोन पावलांत भिंत गाठली आणि पिन उपसली. रूळ फिरत फिरत थांबले. मग त्यांनी पर्समधून स्क्रू फिरवायचा पेचकस, लोखंडी जीभ आणि नवा स्विच बाहेर काढला.

बाई थाळी घेऊन आली आणि बंद यंत्र पाहून भडकली. आम्ही विजेच्या खात्याचे, असा तिचा समज झाला. मी माझा परिचय देऊन नियम समजावू लागलो, त्याने ती अधिकच भडकली. मॅडमनी रिबीन सोडून तिच्या हातात दिली. "भाभी, दस मिनट दो. फिर जो बोलना है बोलो." बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. झाकण परत बसले, जीभ बसली, नवा स्विच बसला.

"अब इसको बाँध के दिखाओ," मॅडम म्हणाल्या.

बाईने आव्हान स्वीकारले. रिबीन लावली, चमचा घातला, केसातली पिन काढून खाचेत फिरवली. यंत्र हलेना. "क्या ज़िद्दी चीज़ लगा दी दीदी तुमने!" ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, आणि खंडेनवमीनंतर प्रथमच मी नासरे मॅडमना हसताना पाहिले.

पोचेवर सही झाली. मी हळूच म्हणालो, "पापडांचे सोडून द्या मॅडम, ते तर निमित्त होते."

"बोलली त मीच ना," मॅडम म्हणाल्या. पाच किलो पापड बांधून घेतले.

मला तिथूनच सदर भागात जायचे होते, म्हणून मी रिक्षात बसलो नाही. पुढच्या महिन्यात मॅडम चंद्रपूरला बहिणीकडे गेल्या, तिथल्या मुलांना रेखाटने शिकवू लागल्या, असे ऐकतो. त्यांची सही असलेली फाईल पुन्हा माझ्याकडे आली नाही. मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्या गल्लीत. त्या रिक्षात बसल्या होत्या, मांडीवर पापडांचा गठ्ठा, दोन्ही हात त्याच्याभोवती. रिक्षावाल्याने किक मारली, तेव्हा त्यांनी त्याचा खांदा धरून रिक्षा बंद करायला लावली. खोलीतून मोटारीचा आवाज येत होता. बराच वेळ आला. रिक्षावाला माझ्याकडे पाहू लागला. मग आत झाकण उघडल्याचा आवाज झाला, त्याच क्षणी मोटार थांबली, बाई आपल्या पिठाला काहीतरी पुटपुटली. झाकण मिटले, आणि मोटार पुन्हा सुरू झाली.

"चला भाऊ," मॅडम म्हणाल्या.